खरा, पण शिळा मेसेज: लालबागमधल्या एका ऑक्सिजन बेडच्या शोधाचा प्रकरण अभ्यास

एप्रिल २०२१. मुंबईत ४ तारखेला एका दिवसात ११,१६३ नवे कोविड रुग्ण नोंदले गेले. १४ तारखेच्या रात्री आठपासून राज्यात कडक निर्बंध लागले. १६ आणि १७ तारखेच्या मधल्या रात्री ऑक्सिजन अपुरा पडतोय म्हणून महापालिकेच्या सहा रुग्णालयांमधून १६८ रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. त्या दिवसांत शहरातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच साच्याचे मेसेज फिरत होते: बेड हवा, ऑक्सिजन हवा, इंजेक्शन हवं, जास्तीत जास्त शेअर करा.

या प्रकरणात अशा एकाच मेसेजचा माग काढला आहे. कुटुंब, चाळ आणि मंडळ कल्पित आहेत, अभ्यासासाठी रचलेले आहेत. तारखा, उपचाराचे निकष, व्यवस्था आणि तांत्रिक मर्यादा मात्र त्या काळच्या, खऱ्या आहेत. ऑनलाइन माहितीचा विषय निघाला की बोलणं लगेच अफवांकडे वळतं. अफवांनी नुकसान केलंच. पण बेडच्या शोधात माणसांचे तास ज्यात गेले, ते मेसेज बहुतेक वेळा खोटे नव्हते. लिहिले तेव्हा ते खरे होते, वाचले गेले तेव्हा शिळे झाले होते.

रात्री ९:४०

लालबागमधली चार मजली चाळ. तिसऱ्या मजल्यावरचे ५८ वर्षांचे गृहस्थ, मधुमेहाचे जुने रुग्ण, तापाचा सातवा दिवस. २० एप्रिलच्या रात्री ऑक्सिमीटरवर आकडा ९१. त्यांच्या मुलीने गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं:

“अर्जंट!! पप्पांना ऑक्सिजन बेड हवाय. लेव्हल कमी होतेय. रेमडेसिव्हिर पण हवं. कोणाकडे काही माहिती असेल तर प्लीज कॉल करा. जास्तीत जास्त ग्रुपवर टाका.” खाली तिचा स्वतःचा नंबर.

पंधरा मिनिटांनी, ९:५५ ला, तिने एफ दक्षिण वॉर्डाच्या वॉर रूमला फोन लावून नोंद केली. हे पाऊल बरोबर होतं. २०२० च्या मध्यापासून मुंबईत बेडचं वाटप चोवीस वॉर्डांच्या चोवीस वॉर रूममधून होत होतं. महापालिकेची रुग्णालयं, जम्बो केंद्रं (मोठी तात्पुरती कोविड रुग्णालयं) आणि खासगी रुग्णालयांमधल्या ताब्यात घेतलेल्या खाटा, सगळ्यांचा रस्ता तिथूनच जात होता. वॉर रूममधल्या मॅडम म्हणाल्या, “याच नंबरवर फोन करू.”

आणि तोच नंबर तोवर दादर, ठाणे, डोंबिवली, पुण्यापर्यंतच्या ग्रुपवर पोहोचला होता. फोन सतत वाजत होता. कुणी विचारत होतं, “बेड मिळाला का?” कुणी रुग्णालयांच्या नंबरांची यादी पाठवत होतं, कुणी काढ्याची कृती सांगत होतं. १०:१० ला वॉर रूमने फोन लावला तेव्हा नंबर एंगेज. दुसऱ्यांदाही एंगेज. त्या रात्री रांगेत पुढचं नाव घेणं हाच वॉर रूमपुढे मार्ग होता, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

पहिल्या मेसेजची खरी चूक ही. शब्द कमी पडले ते नंतर सुधारता आले असते. ज्या नंबरवर बेड मिळणार होता, तोच नंबर सगळ्या जगाला दिला गेला.

दुसरा मेसेज

मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांनी सूत्रं हातात घेतली. एक जण मुलीला म्हणाला, “ताई, तुझा फोन आता फक्त वॉर रूमसाठी. बाकीचे सगळे आमच्याकडे येऊ देत.” पहिला मेसेज मुलीने ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केला. तो मूळ ग्रुपमधून गेला, पण फॉरवर्ड झालेल्या प्रती जिथल्या तिथे राहिल्या. नवा मेसेज असा लिहिला:

“२० एप्रिल २०२१, मंगळवार, रात्री १०:२५
गरज: ऑक्सिजन बेड. व्हेंटिलेटर नको.
रुग्ण: पुरुष, ५८ वर्षं, मधुमेह. आजाराचा सातवा दिवस.
ऑक्सिजन ९१ (बसून, ऑक्सिजन न लावता, १०:१५ ला मोजला). श्वास मिनिटाला २६.
रिपोर्ट: आरटीपीसीआर पॉझिटिव्ह, १७ एप्रिल. एसआरएफ आयडी तयार आहे.
ठिकाण: लालबाग, एफ दक्षिण वॉर्ड. वॉर रूममध्ये नोंद झाली आहे.
फोन फक्त मंडळाच्या या नंबरवर. आधी व्हॉट्सअॅप करा.
रात्री २ नंतर हा मेसेज पुढे पाठवू नका.”

यातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी फोनचा वेळ वाचवते. एसआरएफ आयडी म्हणजे कोविड चाचणीच्या नमुन्याचा नोंदणी क्रमांक. ‘व्हेंटिलेटर नको’ लिहिलं नाही तर लोक आयसीयूच्या खाटा शोधत बसतात, आणि त्या खाटा सगळ्यात दुर्मीळ होत्या. ‘ऑक्सिजन न लावता’ हे शब्द नसतील तर ९१ या आकड्याला अर्थ नाही, कारण ऑक्सिजन लावून ९१ असणारा रुग्ण कितीतरी अधिक गंभीर असतो. श्वासांची संख्या बहुतेक मेसेजांत नसायची, पण डॉक्टर तीही विचारतात. त्याच आठवड्यात, २२ एप्रिलला आलेल्या राष्ट्रीय उपचार सूचनांमध्ये मध्यम आजाराचा निकष होता मिनिटाला २४ किंवा अधिक श्वास, किंवा ऑक्सिजन ९० ते ९३. ९० च्या खाली किंवा श्वास ३० च्या वर गेले तर तीव्र. मोजायला घड्याळ लागतं आणि पूर्ण एक मिनिट लागतो. पंधरा सेकंद मोजून चौपट केली की एका श्वासाची चूक चार श्वासांची होते.

ऑक्सिमीटरचंही तसंच. पाच मिनिटं शांत बसल्यावर, नेलपॉलिश नसलेल्या, गार न पडलेल्या बोटावर, हात न हलवता, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून वाचायचा. आधी ८६ दाखवून अर्ध्या मिनिटाने ९३ वर स्थिरावणारं यंत्र नेहमीचंच. घाबरलेल्या घरात पहिलाच आकडा टाइप होतो आणि तोच ग्रुपवर जातो.

रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी इंजेक्शनची मागणी काढून टाकली, आणि यावर मंडळात वाद झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “मिळत असेल तर घेऊन ठेवायला काय हरकत आहे?” हरकत अशी की हे इंजेक्शन रुग्णालयात दाखल असलेल्या, ऑक्सिजनवरच्या निवडक रुग्णांसाठी होतं, घरी द्यायचं नव्हतंच. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच त्याच्या वापराविरुद्ध सशर्त शिफारस केली होती. एका रुग्णाचा कोर्स म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या: पहिल्या दिवशी दोन, पुढचे चार दिवस एकेक. ज्याला गरज नाही त्याच्या कपाटात त्या सहा कुप्या पडून राहिल्या तर ज्याला गरज आहे त्याला त्या मिळत नाहीत. शिवाय एका मेसेजमध्ये दोन मागण्या असल्या की उत्तरं दुसऱ्याच मागणीला येतात, आणि इंजेक्शनच्या मागणीला सगळ्यात आधी उत्तर देतात ते फसवणारे.

तारीख मजकुरातच का लागते

पाच किंवा अधिक वेळा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर व्हॉट्सअॅप २०१९ पासून दुहेरी बाण दाखवत होतं, आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच चॅटला पाठवू द्यायला सुरुवात केली. बंधन उपयोगाचं होतं, पण त्याला सोपी पळवाट होती. मजकूर कॉपी करायचा आणि नवीन म्हणून पेस्ट करायचा. तसं केलं की बाण नाहीसा होतो, ‘फॉरवर्डेड’ ही खूण नाहीशी होते, आणि मेसेजखाली आत्ताची वेळ दिसते. चार दिवसांपूर्वीची मागणी आपल्या मावसभावाने आत्ता लिहिल्यासारखी वाटते. पाठवणारा मदतच करत असतो, म्हणून कुणी त्याला विचारत नाही.

त्यामुळे तारीख, वार, वेळ मजकुराच्या पहिल्या ओळीत हवी, आणि मुदत शेवटच्या ओळीत. ‘आज’, ‘आत्ता’, ‘काल रात्री’ हे शब्द अशा मेसेजमध्ये वापरूच नयेत. वारही लिहावा, कारण तारीख चुकून बदलली गेली तर वार जुळत नाही आणि चूक लक्षात येते.

मजकूर फोटोत घालणं हा त्या काळातला आणखी एक घोळ. रंगीत चौकटीतली मागणी नजरेत भरते, पण तेव्हा त्यातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नव्हता, ग्रुपमध्ये शोधल्यावर ती सापडत नव्हती, आणि एक अंक हाताने टाइप करताना चुकला की भलत्याच माणसाच्या घरी रात्री दोनला फोन जायचा. आवाजी मेसेजचं दुखणं वेगळं: दोन मिनिटं ऐकल्याशिवाय त्यात वॉर्ड कुठला ते कळत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो हवाच, पण लिहिलेल्या मेसेजच्या जोडीला.

उत्तरांची छाननी

साडेदहा ते बारा या वेळात मंडळाच्या नंबरवर नंबरांच्या लांबलचक याद्या आल्या. त्यातले बरेच नंबर पुन्हा पुन्हा तेच. याद्या बनवणाऱ्यांनी कष्ट घेतले होते, पण यादीत कोणता नंबर कधी तपासला हे लिहिलेलं नव्हतं. कार्यकर्त्यांनी गूगल शीट उघडली. रकाने सहाच: नंबर, काय मिळतं, शेवटचा फोन किती वाजता, कुणी केला, समोरच्याने काय सांगितलं, स्थिती. स्थितीत तीनच शब्द चालतील असं ठरवलं: ‘आहे’, ‘नाही’, ‘उचलत नाहीत’. ‘बहुतेक मिळेल’ असं काही लिहायचं नाही. बदल करण्याची परवानगी तिघांना, बाकी सगळ्यांना फक्त बघण्याची. सुरुवातीला लिंक असलेल्या प्रत्येकाला बदल करू दिला होता, तेव्हा वीस मिनिटांत कुणीतरी क्रमवारी लावताना एकच रकाना निवडला आणि नंबर एका ओळीत, माहिती दुसऱ्या ओळीत गेली. जुनी आवृत्ती परत आणून काम चालू ठेवलं.

सिलिंडरच्या नोंदीची मुदत चार तास ठेवली. चार तासांत पुन्हा फोन झाला नाही की ओळ राखाडी. शीट बघणाऱ्याला न वाचताच कळावं की ही माहिती ताजी नाही.

फोनवर विचारायचे प्रश्न कागदावर लिहून भिंतीला चिकटवले, कारण रात्री एक वाजता थकलेला माणूस शेवटचा प्रश्न विसरतो. सिलिंडर भरलेला आहे का, की आपला रिकामा आणला तरच भरून मिळेल? बी टाइप (लहान) की जम्बो (मोठा)? रेग्युलेटर, फ्लोमीटर आणि पाण्याची बाटली सोबत आहे का? व्हॉल्व्ह बुलनोज की पिन इंडेक्स? डिपॉझिट किती, पावती मिळेल का? डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधार कार्ड लागेल का? दुकान किती वाजेपर्यंत उघडं? व्हॉल्व्हचा प्रश्न फालतू वाटतो, पण रेग्युलेटर न जुळल्याने भरलेला सिलिंडर खोलीत नुसता उभा राहिल्याची उदाहरणं त्या महिन्यात कमी नव्हती.

सिलिंडर मिळाला असं कळवताना तो किती तास पुरेल हेही सांगावं लागतं, नाहीतर घरचे निर्धास्त होतात. हिशेब सोपा आहे. बी टाइप सिलिंडर दहा लिटर पाण्याच्या मापाचा, पूर्ण भरल्यावर साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास, ३ लिटरने आठ तास वीस मिनिटं, ५ लिटरने फक्त पाच तास. जम्बोमध्ये साधारण ७,००० लिटर, म्हणजे ५ लिटरने तेवीस तासांच्या आसपास. बी टाइपच्या गेजवरच्या आकड्याला दहाने गुणलं की उरलेले लिटर कळतात: ७५ दिसलं तर ७५० लिटर. पाच लिटरचा कन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं यंत्र) मिनिटाला पाचपेक्षा जास्त देऊ शकत नाही आणि वीज गेली की थांबतो. हे आकडे मंडळाने ग्रुपच्या माहितीत (डिस्क्रिप्शनमध्ये) लिहून ठेवले आणि त्या महिन्यात तेच सगळ्यात जास्त वापरले गेले.

११:५० ला शेजारच्या चाळीतून भरलेला बी टाइप सिलिंडर मिळाला. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मिनिटाला ३ लिटरने सुरू केला. बेड मिळेपर्यंत पालथं झोपवायलाही त्यांनीच सांगितलं. ९४ च्या खाली गेलेल्या रुग्णांना पालथं झोपवण्याची सूचना केंद्र सरकारनेही त्याच महिन्यात दिली होती. ग्रुपवर मात्र एकच ओळ टाकली: “सिलिंडर मिळाला, सकाळी आठपर्यंत पुरेल. बेड अजून हवा आहे.” ही ओळ महत्त्वाची, कारण ‘ऑक्सिजन मिळाला’ एवढंच लिहिलं असतं तर शोध तिथेच थांबला असता.

आगाऊ पैसे मागणारा फोन

साडेबाराला एकाने व्हॉट्सअॅपवर कन्सन्ट्रेटरचा फोटो आणि दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवला. निम्मे पैसे आत्ता यूपीआयने, उरलेले घरी आल्यावर. कार्यकर्त्याने व्हिडिओ कॉल करून यंत्रावर आत्ताची वेळ लिहिलेला कागद धरायला सांगितलं. समोरच्याने फोन ठेवला. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि खऱ्या दुकानदाराला तिचा राग येत नाही. दुसरी खबरदारी: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘डिपॉझिट परत करतो, पिन टाका’ म्हटलं की व्यवहार तिथेच तोडायचा. पैसे गेलेच तर आज १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. फसवणाऱ्याचा नंबर शीटमधून पुसला नाही, ‘पैसे देऊ नका’ असं लिहून लाल केला. पुसला असता तर पहाटे दुसऱ्या कुणीतरी तोच नंबर नव्याने भरला असता.

पहाटे ३:४०

वॉर रूमचा फोन आला, पहिल्याच रिंगला उचलला गेला. भायखळ्याच्या जम्बो केंद्रात ऑक्सिजन बेड. मुलीकडे एका कागदावर सगळं लिहून ठेवलेलं होतं: पूर्ण नाव, वय, पत्ता, एसआरएफ आयडी, रिपोर्टची तारीख, चालू औषधं, मधुमेहाच्या गोळ्यांची नावं, शेवटचे तीन ऑक्सिजनचे आकडे वेळेसकट. तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायला लागणारी खुर्ची आणि चार माणसं आधीच ठरली होती.

मेसेज बंद करणं

४:३० ला मंडळाने सगळीकडे लिहिलं: “बेड मिळाला. २० एप्रिल, लालबाग, पुरुष ५८, ही मागणी बंद. कृपया फोन करू नका.” तरीही मंडळाच्या नंबरवर पुढचे चार दिवस फोन येत राहिले, आणि मुलीच्या नंबरवर त्याहून जास्त दिवस. मागणी पुढे पाठवताना माणसाला आपण काही केल्याचं समाधान मिळतं. ‘बंद’चा मेसेज पुढे पाठवण्यात तसं काही वाटत नाही, म्हणून तो मूळ मेसेजच्या मागे धावतो आणि त्याला गाठत नाही.

दोन उपाय लागू पडले. एक, मंडळाच्या नंबरच्या व्हॉट्सअॅप प्रोफाइलवर फोटोऐवजी मोठ्या अक्षरांत “बेड मिळाला, २१ एप्रिल” असं चित्र लावलं. मजकूर कितीही जुना असो, नंबर उघडणाऱ्याला आजची स्थिती दिसते. ‘आधी व्हॉट्सअॅप करा’ ही ओळ यासाठीच होती. दोन, तो नंबर व्हॉट्सअॅप बिझनेसवर घेऊन आपोआप जाणारं उत्तर लावलं, ज्यात शीटची लिंक होती. विचारपूस करणाऱ्याला उत्तर मिळालं आणि कार्यकर्त्याला झोप.

मुलीचा नंबर मात्र परत घेता आला नाही. बाईचा नंबर सार्वजनिक झाल्यावर मदतीच्या फोनांबरोबर नको ते फोन आणि मेसेजही येतात. त्या लाटेत अनेक मुलींना हा त्रास झाला आणि त्याची चर्चा फार कमी झाली. मंडळाने पुढच्या सर्व मागण्यांसाठी एक वेगळं सिमकार्ड घेतलं आणि दोन पुरुष कार्यकर्त्यांमध्ये बारा-बारा तासांची पाळी लावली. रिपोर्ट आणि आधारचे फोटो ग्रुपवर टाकणं पूर्ण बंद केलं. ते फक्त वॉर रूम किंवा रुग्णालयाने मागितले तर, त्यांनाच.

३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ऑनलाइन मदत मागणाऱ्या नागरिकांवर दडपण आणलं तर तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल. मागण्याचा हक्क त्यामुळे निर्विवाद झाला. मागणी नीट लिहिण्याची आणि बंद करण्याची जबाबदारी मात्र ग्रुपवरच राहिली.

मे महिन्यात ग्रुपवर प्लाझ्माच्या, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रव भागाच्या, मागण्या वाढल्या. अॅडमिननी इथे कठोर व्हायला हवं होतं, ते झाले नाहीत. देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चाचणीत प्लाझ्माने आजार वाढणं किंवा मृत्यू कमी झाला नव्हता, आणि तो निष्कर्ष ऑक्टोबर २०२० पासून प्रसिद्ध होता. १७ मे २०२१ ला प्लाझ्मा राष्ट्रीय उपचार सूचनांमधून वगळला गेला. पण डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिलेल्या घराला ग्रुपवर ‘नको’ म्हणणं कुणालाच जमलं नाही. निदान एवढं करता आलं असतं: मागणी टाकण्याआधी घरच्यांनी डॉक्टरांना एकदा विचारावं, “हे दिलं नाही तर उपचारात काय बदलेल?”

लाट ओसरल्यावर शीटमधले रुग्णांशी जोडता येतील असे सगळे रकाने पुसले. पुरवठादारांचे नंबर आणि तपासणीच्या वेळा ठेवल्या.

एक भाग ऑनलाइन नव्हताच. चाळीत स्मार्टफोन नसलेली किंवा ग्रुपवर नसलेली वयस्कर माणसं होती. त्यांच्यासाठी दरवाजाजवळच्या सूचना फळ्यावर सकाळी नऊ आणि रात्री आठला शीटमधल्या फक्त ‘आहे’ असलेल्या ओळी खडूने लिहिल्या जात, वर तारीख आणि वेळ. खाली दोन नंबर कायम: वॉर्डाच्या वॉर रूमचा, आणि महापालिकेची हेल्पलाइन १९१६. रात्री आठची नोंद लिहिण्याआधी सकाळची पूर्ण पुसायची, तिच्या शेजारी लिहायचं नाही, हा नियम पहिल्याच आठवड्यात करावा लागला.